इमारत दालनात येत नाही, मग मांडायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या संग्रहालयानं एका तरुण आर्किटेक्टला दोन दालनं आणि चार महिने दिले आहेत. विषय आहे गावातले जुने वाडे आणि आयुष्यभर त्यांची डागडुजी करून गेलेल्या एका ओव्हरसियरचं काम. हाताशी १४० ड्रॉइंग्ज, सहा मॉडेल्स, तीनेकशे फोटो आणि बेताचे पैसे. 'याचं प्रदर्शन कसं उभं करू, आणि सगळं मावणार कसं?'

शेवटून सुरुवात करतो. सगळं मावणार नाही आणि मावू देऊही नका. १४० पैकी वीस ड्रॉइंग्ज भिंतीवर गेली तरी पुष्कळ झालं.

हे मी अक्कलखाती रक्कम भरून शिकलो आहे. माझं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन वीसेक वर्षांपूर्वीचं. मी मूळचा आर्किटेक्ट, त्यामुळे प्लॅन-सेक्शन, म्हणजे घर वरून बघून आणि उभं कापून काढलेले नकाशे, जगाला कळतात अशी माझी समजूत. एका मापाचे ९० पॅनल एका रेषेत लावले आणि खूश होऊन बसलो. चौथ्या दिवशी दारावरच्या शिपायाला विचारलं, लोक जास्त वेळ कुठे थांबतात? तो म्हणाला, "साहेब, पंख्याखाली." राग आला, म्हणून दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुर्ची टाकून स्वतःच पाहत बसलो. शिपाई बरोबर होता. माणूस आत यायचा, पहिले चार पॅनल मन लावून वाचायचा, मग चालण्याचा वेग वाढायचा, आणि तिसऱ्या भिंतीशी पंखा लागला की तिथे घाम पुसत उभा राहायचा.

चित्रांच्या प्रदर्शनात चित्र स्वतः हजर असतं. वास्तुकलेच्या प्रदर्शनात वास्तू गैरहजर असते. ती तिकडे पेठेत उभी असते, नाहीतर पडून तिथे पार्किंग झालेलं असतं. आपल्या दालनात येतात ते तिचे कागद, फोटो, लाकडाचे तुकडे, लोकांच्या आठवणी. म्हणजे पुरावे. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेतली की विचारायचं, हा कशाचा पुरावा? एका वाक्यात उत्तर आलं तर ती दालनात, नाही आलं तर कपाटात. 'दिसायला छान आहे' हे उत्तर धरायचं नाही. तुमच्या ३०० फोटोंपैकी २५० इथेच गळतील.

उत्तर आधी ठरवून पुरावे निवडले तर काय होतं, याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं. मोमा या संग्रहालयानं १९३२ साली आधुनिक वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं. मांडणी फिलिप जॉन्सन आणि हेन्री-रसेल हिचकॉक यांची. भिंतींवर मोठे काळे-पांढरे फोटो, मधे मॉडेल्स, आणि ल कॉर्बुझिए, ग्रोपियस, मीज, औड, राइट अशी आर्किटेक्टची नावं. त्यात सामान्यांच्या घरबांधणीचा एक विभागही होता, समीक्षक ल्युइस ममफर्ड त्यामागे होते. लोकांच्या लक्षात राहिली ती सपाट छपरं आणि पांढऱ्या भिंती. घरं कुणासाठी आणि कशी बांधायची हा प्रश्न मागे पडला, त्या शैलीचं 'इंटरनॅशनल स्टाइल' हे नाव जगभर झालं. दर्शनी भागाचे फोटो लावले की बघणारा शैली बघतो. तुम्ही वाड्यांच्या नक्षीदार दरवाजांचे मोठाले फोटो लावलेत तर बघणारा 'काय ते जुने लोक, काय ती कलाकुसर' म्हणून पुढे जाईल. तुमच्या ओव्हरसियरनं पन्नास पावसाळे ते वाडे कसे तगवले, हे त्याला कळणार नाही. आणि माझ्या मते तुमच्या प्रदर्शनाचा जीव तिथेच आहे. 'जुने वाडे' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'पडायला आलेला वाडा उभा कसा ठेवतात?' हा प्रश्न. तो दालनाच्या दारावर लिहा आणि आतली एकेक वस्तू त्याला जबाबदार धरा.

मुंबईतलं २०१६ चं एक प्रदर्शन इथे आठवतं. राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर' मांडलं होतं. जागा म्हणजे काळा घोड्याजवळचा सर कावसजी जहांगीर हॉल, जॉर्ज विटेट यांनी केलेली १९११ ची इमारत, आत आता अर्धगोल सज्जे आणि जिने. आधी व्यवसायाची आजची अवस्था, मग स्वातंत्र्यानंतरचा प्रवास, मग समकालीन कामं, असा क्रम. या क्षेत्रातल्या माणसाला तिथे दिवस पुरला नसता, इतका मजकूर होता. मी दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा वाटलं की हे उभ्यानं वाचायचं पुस्तक आहे. पण त्यासोबत जी भाषणं, चर्चा झाल्या त्यामुळे धंद्यात मोकळेपणानं वाद सुरू झाला, हे त्याचं श्रेय. तुम्हाला तसा वाचक मिळणार नाही. तुमच्याकडे बाजारहाट करून पिशवी घेऊन माणूस येणार, शाळेची सहल येणार, आणि ज्यांचे वाडे आहेत ते येणार.

आता कागदांकडे वळू. १४० ड्रॉइंग्ज पसरून बसा आणि सगळ्यात आधी ती उलटी करा. खरी गोष्ट पुष्कळदा मागच्या बाजूला असते. मी एकदा एका वाड्याच्या दुरुस्तीचं जुनं ट्रेसिंग क्लॉथवरचं, म्हणजे खळ दिलेल्या आरपार दिसणाऱ्या कापडावरचं, ड्रॉइंग हाताळत होतो. पुढून नेटकं शाईकाम. एका तुळईच्या ठिकाणी कापडाचा तुकतुकीतपणा गेलेला, ब्लेडनं खरवडून रेघ काढल्याची खूण. म्हणजे तिथे आधी दुसरं काहीतरी ठरलं होतं. चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, एकेका कोपऱ्यात तीन-तीन, म्हणजे तीन वेळा बोर्डावर चढलं-उतरलं. कडेला कपाचं अर्धं वर्तुळ. आणि मागे पेन्सिलीनं, वेगळ्या हाताचं, सागवानाच्या घनफुटांचं गणित. खाली रक्कम, तिला काट, आणि त्याखाली छोटी रक्कम. मालकाला झेपलं नसणार. खरवडलेली रेघ आणि काट मारलेला आकडा जोडून वाचले की कळतं, तुळई का बदलली. हा कागद आम्ही भिंतीला न लावता दोन पारदर्शक अॅक्रिलिकच्या मधे उभा केला, दालनाच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी दिसेल असा. शेजारी भिंग बांधून ठेवलं. त्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्या एका कागदाभोवती होती, आणि तिथे पंखा नव्हता.

प्लॅन सामान्य माणसाला वाचता येत नाही, हे मान्य करून टाका. त्यात त्याची चूक नाही. घराकडे छप्पर काढून वरून कुणी बघत नाही. सेक्शन त्या मानानं लवकर कळतो, घर सुरीनं कापल्यासारखं दिसतं म्हणून. प्लॅन दाखवायचाच असेल तर जमिनीवर उतरवा, खऱ्या मापात. तुमचं मोठं दालन रिकामं ठेवा आणि फरशीवर रंगीत चिकटपट्टीनं एका वाड्याचा पुढचा चौक, ओटी, माजघर, देवघर आखा. खर्च काही शे रुपये. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, हे समजावणारा तक्ता लावू नका. दोन खांबांच्या जागी दोन तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, ठेवा आणि लोकांना मधून चालू द्या. गावागणिक खणाचं माप बदलतं, तुमच्या गावचं मोजून घ्या. 'आमचं घर पाच खणी होतं' असं म्हणणारी माणसं तुम्हाला तिथेच भेटतील, आणि त्यांनी आखलेल्या रेषा दुरुस्त केल्या तर करू द्या. आमच्याकडे एक आजी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूल इथं? मग साणं कुठाय? धूर काय डोळ्यात भरून ठेवायचा?" धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, उजेडासाठी, धुरासाठी ठेवलेलं ते भोक आमच्या एकाही ड्रॉइंगमध्ये नव्हतं. चिकटपट्टी उचलली, त्यांनी दाखवलं तिथे गोल आखला आणि पाटीवर तसं लिहिलं.

खऱ्या मापाचा हा मोह मोठमोठ्या संग्रहालयांनाही आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये २०१० साली '१:१' नावाचं प्रदर्शन झालं, त्यात आर्किटेक्टना इमारतीतच छोट्या रचना बांधायला सांगितल्या होत्या. आपल्याकडून स्टुडिओ मुंबई ही आर्किटेक्टची संस्था होती. मुंबईत दोन बांधकामांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसं राहतात, त्या जागेवरून त्यांनी रचना केली, आणि ती उभी राहिली कास्ट कोर्टात, जिथे नामांकित वास्तूंच्या प्लास्टरमधल्या प्रती ठेवल्या आहेत. रोमच्या ट्राजन स्तंभाची प्रत तिथे दोन तुकड्यांत उभी आहे, कारण अख्खी छपरात मावत नाही. सम्राटाच्या खांबापाशी गल्लीतल्या बिऱ्हाडाची जागा. जागेची ही निवड म्हणजेच मांडणी; पाटीवर दोनशे शब्द लिहून ती साधली नसती.

खरी खोली उचलून आणणं हा त्यापुढचा टप्पा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून पुन्हा जोडलेला मस्तानी महाल आहे. लहानपणी तो पाहिला तेव्हा मी अवाक झालो होतो. आज बघताना प्रश्नही पडतात: त्या खिडकीतून काय दिसायचं, वारा कुठून यायचा, उन्हं कधी उतरायची? हे सुटं करून आणता येत नाही. पण दिनकर केळकरांनी आणलं नसतं तर प्रश्न पडायलाही काही उरलं नसतं, त्यामुळे तक्रार करायची माझी हिंमत नाही. तुमच्या गावात वाडा पाडला जात असेल तर दरवाजा आणायच्या आधी त्याचे उभ्या जागेवरचे फोटो काढा, दिशा लिहून ठेवा, चौकटीला क्रमांक घाला.

मॉडेलबद्दल एकच सांगतो, कारण ते कुणी करत नाही. आपण मॉडेल जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर ठेवतो. मग प्रत्येक प्रेक्षक हेलिकॉप्टरमध्ये बसतो. मॉडेल वर उचला, चौकाची जमीन छातीच्या वर येईल इतकं, म्हणजे माणूस वाकून दिंडी दरवाजातून आत डोकावेल. पोरांसाठी पुढे एक भक्कम पायरी ठेवा. सहापैकी दोन मॉडेल्स अशी मांडा, बाकीची चार गुंडाळून ठेवा. वाटलंच तर खिळा न मारता बसवलेला खांब-तुळईचा एक सांधा सुताराकडून खऱ्या मापात करून घ्या, सुटा होईल आणि परत बसेल असा, आणि लोकांच्या हातात द्या.

मॉडेलचं मोल इमारत गेल्यावर कळतं. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनांचं दालन १९७२ चं, राज रेवाल आर्किटेक्ट आणि महेंद्र राज इंजिनियर. पोलाद महाग म्हणून अख्खी जाळीदार रचना काँक्रीटमध्ये जागेवर ओतलेली. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं. २०२२ साली मोमानं दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचं प्रदर्शन केलं तेव्हा ते हॉल तिथे भेटलं ते फक्त फोटो, कागद आणि मॉडेलच्या रूपात. आणि बघा, अशा इमारतीची गोष्ट इंजिनियरचं नाव घेतल्याशिवाय सांगताच येत नाही.

तुमच्याकडेही नावांचा प्रश्न येणारच. ओव्हरसियरसाहेबांचं नाव मोठं लिहा, हरकत नाही, पण कागदांच्या मागे मजुरीचे हिशेब असतील, त्यात गवंडी, सुतार, पाथरवट, चुना मळणाऱ्या बायका असतील. जी नावं सापडतील ती त्यांच्या घरच्यांना विचारून त्याच टायपात, त्याच आकारात लावा. वाड्यात पुढच्या दारानं कोण येई आणि परसदारानं कोण, पाणी कोण भरे, कुणाला ओटीच्या पुढे येता येत नसे, हे वगळून वाड्याची गोष्ट सांगितली तर निम्मं गाव ती ऐकून गप्प बसेल आणि पुन्हा येणार नाही. याच मुद्द्यावर एकदा देणगीदारानं माझ्याकडून दोन पाट्या उतरवून घेतल्या होत्या. मी उतरवल्या, त्याची आजही लाज वाटते. दुसऱ्या वेळी एका बिल्डरला प्रायोजक म्हणून घेतलं, तर त्यानं आपल्या चालू स्कीमचं मॉडेल दालनात ठेवायचा हट्ट धरला. तेव्हापासून पैसे घेण्याआधीच लेखी ठरवतो: नाव दाराशी, आत काही नाही.

आता जरा रुक्ष पण टाळता न येणारं. कागद, कापड, फोटो यांवर उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवा; लक्स हे उजेडाचं माप. लक्स मीटर विकत घ्या किंवा कुणाकडून मागून आणा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. ५० लक्स सुरुवातीला अंधार वाटतो, म्हणून दाराशीच उजेड टप्प्याटप्प्यानं कमी करत आणा. निळ्या प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या ब्लूप्रिंट, उजेडात फिकटतात आणि अंधारात ठेवल्या तर थोड्याफार परत गडद होतात, म्हणून महिन्याला अदलाबदल करा. त्या निळ्या रंगाचं अल्कधर्मी पदार्थाशी वाकडं आहे. तुमच्या संग्रहालयाच्या भिंतींना चुना असेल तर तिथे त्या टेकवू नका, आणि 'आर्काइव्हल' म्हणून मिळणारा अल्कधर्मी कागदही त्यांच्यामागे घालू नका. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या ड्रॉइंगच्या प्रती, वेगळ्या फाइलीत, त्यांचा संसर्ग इतरांना होतो. ट्रेसिंग क्लॉथला पाण्याचा थेंब चालत नाही, त्याच्यावरची खळ सुटते. पावसाळ्यात उद्घाटन असेल तर बाहेरच्या भिंतीवर मूळ कागद मुळीच नको. आणि एसी दिवसा चालू, रात्री बंद असं करणार असाल तर त्यापेक्षा एसी नकोच. हवेतला ओलावा रोज वर-खाली होणं कागदाला जास्त जाचतं. जिथे धोका वाटतो तिथे प्रत लावा आणि पाटीवर 'प्रत' असं स्वच्छ लिहा.

कागद कुणाच्या मालकीचे, हेही लेखी घ्या. ड्रॉइंग घरात सापडलं म्हणून छापायचा हक्क मिळत नाही, वारसांची सही लागते. वस्तू हाती येताच तिचे फोटो काढून आधीची चीर, डाग, कसरीची भोकं नोंदवा आणि देणाऱ्याची सही घ्या, म्हणजे परत देताना भांडण नको.

पाट्या मराठीत, आणि आधी मराठीतच लिहा. साठ शब्दांच्या वर जाऊ नका. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडा. संगणक जी देतो ती पुरत नाही. आम्हा आर्किटेक्ट लोकांची मराठी हा एक स्वतंत्र आजार आहे. 'ओटी ही खासगी व सार्वजनिक अवकाशांमधील संक्रमणात्मक दुवा आहे' असं मी स्वतः एकदा लिहिलंय. नंतर ते असं केलं: 'ओटीवर बसलेल्याचे पाय रस्त्याकडे असतात. म्हणून गप्पांसाठी कुणाला आत बोलवावं लागत नाही.' पाटी लिहिली की संग्रहालयाच्या शिपायाला वाचून दाखवा. तो मधेच दुसरीकडे बघायला लागला की तिथे खोडा.

घरगुती वस्तूही मांडणार असाल, अडकित्ते, समया, कुलपं, तर त्यांना हाच न्याय. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात साध्या लोट्यावर प्रश्नांची रांग लावली आहे: भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, धरायचा कुठे, ओततो कसा. त्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अडकित्त्याच्या पाटीवर शतक आणि धातू लिहिण्यापेक्षा 'हा डाव्या हातानं चालवता येईल का?' एवढं लिहा, आणि शेजारी साधा, बाजारचा अडकित्ता साखळीनं बांधून ठेवा. धार मात्र आधी बोथट करून घ्या.

चार महिन्यांपैकी पहिला महिना फक्त निवडीत जाऊ द्या, घाबरू नका. शेवटचे पंधरा दिवस सुतार आणि इलेक्ट्रिशियनसाठी राखून ठेवा, ते सांगितलेल्या दिवशी येत नाहीत. आणि प्रदर्शन उतरल्यावर सामानाचं काय, हे आजच ठरवा. मॉडेल्स गोदामात पडून पिवळी होतात, वाळवी धरतात. तो सुटा होणारा सांधा तालुक्याच्या आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गाला द्या. आम्ही दिलेला अजून तिथे आहे. एक कान तुटला होता, तो पोरांनीच नवा करून बसवला, आणि जुना-नवा वेगळा कळतो म्हणून सरांनी मला फोन करून माफी मागितली.